रेल्वेच्या डब्यातील शय्यारचना आणि वऱ्हाडातील कुटुंब : एक सामाजिक-ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्याही समाजाच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करताना शेती, व्यापार, शिक्षण, राजकीय चळवळी या विषयांकडे अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे जाते. मात्र माणूस रात्री कोठे झोपतो, कोणाच्या शेजारी झोपतो, कोणाला वरची व कोणाला खालची जागा मिळते आणि ही जागा कोण ठरवितो, या प्रश्नांकडे त्या मानाने फारसे लक्ष दिले गेलेले नाही. वास्तविक निजण्याची जागा ही कुटुंबातील मान, वय, लिंगभेद व जिव्हाळा यांचे अत्यंत बोलके प्रतिबिंब असते. घरात ही रचना परंपरेने ठरलेली असल्यामुळे ती सहसा डोळ्यांत भरत नाही. परंतु तेच कुटुंब प्रवासाला निघाले आणि चार भिंतींऐवजी एका अरुंद कप्प्यात त्याला रात्र काढावी लागली, की ही रचना नव्याने ठरवावी लागते व त्यामुळेच ती दिसू लागते.

अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांतील कुटुंबांच्या बाबतीत असा कप्पा म्हणजे प्रामुख्याने रेल्वेचा डबा होय. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या प्रदेशातील सर्वसामान्य कुटुंबाचा जहाजाच्या खोलीशी संबंध क्वचितच आला. मुंबईपासून अकोला सुमारे ५८५ किलोमीटर, तर बडनेरा सुमारे ६६० किलोमीटर अंतरावर आहे. हे अंतर रेल्वेने एका रात्रीचे आहे. त्यामुळे मुंबईला जाणे म्हणजे एक रात्र गाडीत काढणे, हे समीकरण वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या रूढ झाले. प्रस्तुत शोधनिबंधात या एका रात्रीच्या शय्यारचनेचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केलेला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वऱ्हाडातील पारंपरिक घरातील निजण्याच्या व्यवस्थेचे स्वरूप समजून घेणे.
२) रेल्वेच्या आगमनापासून आजपर्यंत प्रवाशांच्या झोपण्याच्या सोयीत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३) रेल्वेच्या कप्प्यात कुटुंबाने केलेल्या शय्यारचनेतून कुटुंबातील नातेसंबंधांवर पडणारा प्रकाश तपासणे.
४) शासकीय नियम आणि कुटुंबाची गरज यांतील अंतर स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. रेल्वेविषयक कायदे, नियम, डब्यांची रचना आणि या प्रदेशातील कुटुंबव्यवस्था यांच्या आधारे विवेचन केलेले आहे. अभ्यासाचे क्षेत्र मुख्यतः अमरावती व अकोला या जिल्ह्यांपुरते आणि प्रवासाचा प्रकार रात्रीच्या रेल्वेप्रवासापुरता मर्यादित आहे.

वऱ्हाडातील घर आणि निजण्याची उतरंड

वऱ्हाडातील जुने घर मातीच्या भिंतींचे व बहुधा धाब्याचे असे. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि पुढचे-मागचे अंगण अशी त्याची साधारण मांडणी होती. या मांडणीतच निजण्याचे नियम सामावलेले होते. घरातील कर्ता पुरुष किंवा वृद्ध आजोबा ओसरीवर बाजेवर झोपत. बाज ही वस्तू साधी असली तरी ती मानाची होती. घरात एकच बाज असली तर ती कोणाची, याविषयी वाद होत नसे. तरुण मुले व गडीमाणसे ओसरीच्या कडेला किंवा अंगणात सतरंजी अंथरून पडत. स्त्रिया व मुले माजघरात झोपत. लहानग्यांची जागा आजीच्या कुशीत असे. सासरे व थोरले दीर ज्या भागात झोपत त्या भागाकडे सून रात्री सहसा फिरकत नसे.

उन्हाळ्यात मात्र या रचनेत बदल होई. अकोला व अमरावती येथील उन्हाळा अत्यंत कडक असतो. भिंती दिवसभर तापलेल्या असल्यामुळे रात्री घरात झोपणे अशक्य होई आणि सारे घर अंगणात अथवा धाब्यावर येई. तरीही पुरुषांची एक बाजू व स्त्रियांची दुसरी बाजू, मध्ये मुले, हा क्रम कायम राही. जागा बदलली तरी उतरंड बदलत नसे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

रेल्वेपूर्व काळातील प्रवासातही हीच पद्धत दिसते. बैलगाडीने अथवा दमणीने यात्रेला निघालेले कुटुंब रात्री मुक्काम करी तेव्हा स्त्रिया व मुले गाडीत कडब्यावर अंथरूण घालून झोपत आणि पुरुष गाडीखाली किंवा बैलांजवळ निजत. म्हणजे गाडी हेच फिरते माजघर व तिच्याभोवतीची जमीन हीच ओसरी होई. कुटुंब आपले घर आपल्याबरोबर घेऊन फिरत असे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

रेल्वेचे आगमन : बसण्याची जागा, झोपण्याची नव्हे

१८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा मार्ग भुसावळहून वऱ्हाडातून पुढे जाऊन १८६७ साली नागपूरला पोहोचला. हा मार्ग प्रामुख्याने कापसासाठी होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासली आणि वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे तिकडच्या व्यापाऱ्यांचे लक्ष वळले. अकोला मुख्य मार्गावरच होते. अमरावती शहर मात्र मुख्य मार्गापासून दूर राहिल्यामुळे ते बडनेऱ्याहून सुमारे ६ मैलांच्या फाट्याने जोडले गेले.

ज्या मार्गाची आखणी गठाणींसाठी झाली त्या मार्गावर माणसांच्या झोपेचा विचार दुय्यम ठरावा, हे स्वाभाविक होते. वरच्या वर्गाच्या डब्यांत लांब गाद्यांच्या बैठका असत व रात्री त्यांचाच बिछाना होई. या वर्गांचे प्रवासी स्वतःची गादी, उशी व चादर होल्डॉलमध्ये गुंडाळून नेत. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला मात्र लाकडी बाकावरील बसण्याची जागा एवढेच मिळत असे. रात्रीच्या गाडीतही तो कागदोपत्री बसलेलाच असे. प्रत्यक्षात तो जेथे जागा मिळेल तेथे आडवा होई, बाकाखाली, दोन बाकांच्या मधल्या जागेत किंवा दाराजवळ. यास्तव वर्गभेदाचा सर्वांत स्पष्ट प्रत्यय दिवसापेक्षा रात्री येत असे. दिवसा सारेच बसलेले असत. रात्री काही जण झोपत व बाकीचे जागत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर या दोन दिशांना अरुंदमापी रेल्वे सुरू झाली. लोक तिला पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखू लागले. या गाडीत झोपण्याचा प्रश्न नव्हता, पण तिने आणलेल्या कुटुंबांना मूर्तिजापूरला मुख्य मार्गावरील गाडीची वाट पाहावी लागे. फलाटावर सतरंजी अंथरून, ट्रंका व बोचकी डोक्याशी घेऊन, बायकामुलांना मध्ये व पुरुषांना कडेला ठेवून झोपलेले कुटुंब हे अशा स्थानकांवरील नेहमीचे दृश्य होते. घरातील व गाडीतळावरील रचनाच येथे फलाटावर उतरली होती.

१८९० चा कायदा आणि कुटुंबाची विभागणी

१८९० च्या भारतीय रेल्वे कायद्यातील दोन तरतुदींचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. एका तरतुदीनुसार प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त किती प्रवासी बसतील ही संख्या ठरवून ती कप्प्यावर ठळकपणे लिहिणे रेल्वे प्रशासनावर बंधनकारक करण्यात आले. दुसऱ्या तरतुदीनुसार प्रवासी गाडीत किमान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणे आवश्यक ठरले आणि गाडी ५० मैलांपेक्षा अधिक अंतर जाणार असेल तर त्या कप्प्यात शौचकूप असणेही आवश्यक ठरले.

ही दुसरी तरतूद स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने मोलाची होती, यात शंका नाही. परंतु तिचा कुटुंबाच्या शय्यारचनेवर दुहेरी परिणाम झाला. एकीकडे माजघर व ओसरी यांतील अंतर आता दोन डब्यांतील अंतर झाले. सासू, सुना, मुली व लहान मुले जनाना डब्यात आणि पुरुष भलत्याच डब्यात, अशी कुटुंबाची विभागणी होऊ लागली. मोठ्या स्थानकावर गाडी थांबली की पुरुषाने धावत जाऊन खिडकीतून पाण्याचा तांब्या किंवा खाण्याची पुडी द्यायची व सर्व ठीक आहे ना, एवढे विचारून परत धावायचे, हा प्रवासाचा परिपाठ झाला. दुसरीकडे, या विभागणीमुळे स्त्रियांना प्रवासाच्या रात्रीपुरता एक स्वतंत्र अवकाश मिळाला. कोणी कोठे निजायचे हे तेथे घरातील पुरुष ठरवीत नसत. अनोळखी स्त्रियांशी बोलून, मुलांना एकमेकींच्या मांडीवर देऊन त्या आपली व्यवस्था आपणच लावीत. स्त्रियांच्या इतिहासाच्या दृष्टीने ही बाब लहान असली तरी दुर्लक्षणीय नाही.

सधन कुटुंबांसमोर हा प्रश्न निराळ्या रूपात होता. अमरावतीचे ख्यातनाम वकील व लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे हे डिसेंबर १९११ मध्ये सहकुटुंब शिर्डीस गेले व तेथे काही महिने राहिले. शिर्डीला जाण्यासाठी वऱ्हाडातून मनमाडला गाडी बदलून कोपरगाव गाठावे लागे. अशा प्रवासात नोकरचाकर, धान्य, भांडी व अंथरुणे यांसह अर्धे घरच हलत असे. ज्यांना वरच्या वर्गाचे भाडे परवडे ते स्वतंत्र कप्पा घेऊन कुटुंब एकत्र ठेवू शकत. म्हणजे कुटुंबाने एकत्र झोपणे हीसुद्धा त्या काळी पैशाने मिळणारी गोष्ट होती.

तिसऱ्या वर्गाची रात्र आणि महात्मा गांधी

तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालांना वाचा फोडण्याचे कार्य महात्मा गांधींनी केले. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी रांचीहून वृत्तपत्रांना लिहिलेले पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मुंबई ते मद्रास या प्रवासाचा अनुभव त्यांनी त्यात नोंदविला आहे. २२ प्रवाशांसाठी असलेल्या डब्यात बराच काळ ३५ प्रवासी कोंबलेले होते. दोन रात्रींचा प्रवास असूनही सुरक्षितपणे आडवे होण्याजोगी सोय त्या डब्यात नव्हती. काही प्रवासी घाणीतच जमिनीवर पडले होते, तर काहींना उभे राहावे लागले होते. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्या वर्गाच्या पाचपटींहून अधिक असले तरी तिसऱ्या वर्गाला त्या प्रमाणात एक पंचमांश सोयही मिळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

१८९० च्या कायद्याने कप्प्यावर संख्या लिहिण्याचे बंधन घातले होते. १९१७ साली त्या लिखित संख्येला रात्री काहीच अर्थ उरत नव्हता. गांधीजींनी उपस्थित केलेला प्रश्न केवळ गर्दीचा नव्हता. भाडे भरणाऱ्या माणसाला रात्री पाठ टेकण्याचा हक्क आहे की नाही, असा तो प्रश्न होता. वऱ्हाडातील कापूस उत्पादक शेतकरी, मजूर व यात्रेकरू याच वर्गाने प्रवास करीत असल्याने हा प्रश्न त्यांचाही होता.

स्वातंत्र्योत्तर काळ : झोपण्याच्या हक्काची मान्यता

स्वातंत्र्यानंतर रेल्वेची पुनर्रचना झाली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आली. त्यानंतरच्या काळात लांब पल्ल्याच्या गाड्यांत तिसऱ्या वर्गासाठीही शयनयानाचे डबे येऊ लागले. एकावर एक तीन फळ्या असलेल्या त्रिस्तरीय डब्यामुळे सर्वसामान्य प्रवाशाला प्रथमच स्वतःच्या नावाची निजण्याची जागा मिळाली. १९७४ साली ‘तिसरा वर्ग’ हे नावच रद्द करण्यात आले व तो दुसऱ्या वर्गात विलीन झाला. नाव बदलले तरी फळी मात्र लाकडाचीच राहिली.

हा उरलेला भेद दूर करण्याचे श्रेय एका मराठी रेल्वेमंत्र्याकडे जाते. राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले समाजवादी नेते प्रा. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. वरच्या वर्गाची प्रतिष्ठा कमी करण्यापेक्षा खालच्या वर्गाची पातळी उंचावणे आवश्यक आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या कार्यकाळात दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्यास प्रारंभ झाला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई–हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस ही पहिला वर्ग नसलेली, वर्गविरहित गाडी होती. तिचा मार्ग अकोला, बडनेरा व नागपूर असा वऱ्हाडाच्या मधोमध जाणारा होता. ज्या रुळांवरून कापसाच्या गठाणींबरोबर माणसेही गठाणींप्रमाणे गेली, त्याच रुळांवरून सर्वांना सारखी गादी देणारी गाडी ११० वर्षांनी धावली. वऱ्हाडाच्या सामाजिक इतिहासात या घटनेची नोंद अवश्य व्हावयास हवी.

आठ बर्थचा कप्पा आणि कुटुंबाची रचना

त्रिस्तरीय शयनयानाच्या पारंपरिक डब्यात ७२ बर्थ असतात. आठ-आठ बर्थचे नऊ कप्पे अशी ही विभागणी आहे. पहिल्या कप्प्यात १ व ४ हे खालचे, २ व ५ हे मधले, ३ व ६ हे वरचे आणि बोळाच्या पलीकडील ७ व ८ हे अनुक्रमे बाजूचे खालचे व वरचे बर्थ होत. पुढील प्रत्येक कप्प्यात हाच क्रम चालतो. त्यामुळे नेहमीच्या प्रवाशाला नुसता आकडा ऐकून आपल्या वाट्याला काय आले, हे कळते. आरक्षणाच्या एका अर्जावर जास्तीत जास्त सहा प्रवाशांची नावे लिहिता येतात आणि समोरासमोरच्या बर्थची संख्याही सहाच आहे. म्हणजे आजी, आजोबा, आई, वडील व दोन मुले असे कुटुंब या कप्प्यात नेमके मावते. प्रश्न उद्भवतो तो कोणी कोठे निजायचे, हा.

या रचनेत कुटुंबाने सामान्यतः पुढील क्रम स्वीकारलेला दिसतो. खालचे दोन बर्थ आजी व आजोबांना, किंवा तान्हे मूल असल्यास त्यांपैकी एक आईला. वरचे दोन चढण्याउतरण्यास सक्षम असलेल्या तरुणांना. मधले बर्थ उरलेल्यांना. मुलांना वरचा बर्थ हवा असतो, कारण त्यांच्या लेखी तो माळ्यावर चढण्याचा खेळ असतो. आईला मात्र मूल खाली पडेल अशी धास्ती असते. अखेर मूल मधल्या बर्थवर आणि समोरच्या मधल्या बर्थवर वडील, अशी तडजोड होते.

वरवर पाहता घरातील उतरंडच येथे पुन्हा अवतरलेली दिसते. वडीलधाऱ्यांना खालचा बर्थ म्हणजे जणू ओसरीवरील बाजच होय. तथापि बारकाईने पाहिल्यास एक मोठा फरक आढळतो. खालचा बर्थ हा रात्री एकाचा बिछाना असला तरी दिवसा तिघांचे आसन असतो आणि मधला बर्थ त्या आसनाची पाठ असतो. मधला बर्थ उघडला की खाली कोणालाही ताठ बसता येत नाही. त्यामुळे सर्वांचे जेवण होईपर्यंत, गप्पा संपेपर्यंत व पत्त्यांचा डाव मोडेपर्यंत खालच्या बर्थच्या मालकाला आडवे होता येत नाही. घरात दिवेलागणीनंतर लवकर झोपणारे आजोबा गाडीत सर्वांच्या शेवटी झोपतात. मानाची जागा मिळते, पण तिच्याबरोबर प्रतीक्षाही पदरी येते. रेल्वेच्या नियमानुसार आरक्षित प्रवाशाची झोपण्याची वेळ पूर्वी रात्री ९ ते सकाळी ६ अशी होती. २०१७ साली ती रात्री १० ते सकाळी ६ अशी करण्यात आली. या बदलाचा उद्देश मधल्या बर्थवरून होणारे वाद मिटविण्याचा होता. वृद्धांच्या वाट्याची झोप मात्र त्यामुळे तासाभराने आणखी लांबली.

दुसरा फरक सुनेच्या संदर्भातील आहे. घरात सासऱ्यांच्या निजण्याच्या जागेकडे न फिरकणारी सून येथे त्यांच्यापासून दोन-तीन हातांवर, समोरच्याच बर्थवर झोपते. मध्ये भिंत नाही, पडदा नाही, पलीकडे अनोळखी प्रवासी आहेत. डोक्यावरून पदर किंवा चादर ओढून घेणे आणि भिंतीकडे तोंड करून निजणे, हाच तिच्यापुरता आडोसा असतो. माजघर व ओसरी यांतील शतकानुशतकांचे अंतर रेल्वेने कोणताही उपदेश न करता एका रात्रीत कमी केले. सामाजिक सुधारणेच्या इतिहासात व्याख्याने व ठराव यांची नोंद होते, त्याप्रमाणे अशा सक्तीच्या शेजाराचीही नोंद झाली पाहिजे.

तिसरी बाब आईविषयी आहे. बर्थची रुंदी जेमतेम दोन फूट असते. त्यावर आई व तान्हे मूल अशी दोघे निजतात, म्हणजे मूल निजते व आई कडेला हात लावून जागी राहते. बर्थखालील सामानावर लक्ष, मुलांच्या पांघरुणावर लक्ष आणि सासूबाईंना रात्री उठावे लागले तर त्यांच्या चपलांवर लक्ष, हीही कामे बहुधा तिच्याकडेच येतात. सर्वांचे अंथरूण घालणारी व्यक्ती सर्वांच्या शेवटी आडवी होते आणि सर्वांच्या आधी उठते. घर बदलले, वाहन बदलले, तरी श्रमाची ही विभागणी बदललेली नाही. मे २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडता येणारा लहान मुलांचा बर्थ प्रायोगिक तत्त्वावर बसविण्यात आला. आईच्या जागरणाची दखल घेण्यास रेल्वेला इतका दीर्घ काळ लागला, ही गोष्ट विचार करण्यास लावणारी आहे.

वऱ्हाडाच्या बाबतीत उतरण्याच्या वेळेचाही विचार करावा लागतो. मुंबईहून सायंकाळी निघालेली विदर्भ एक्सप्रेस अकोल्याला पहाटेच्या अंधारात पोहोचते, बडनेऱ्याला त्यानंतर काही वेळाने. म्हणून अकोल्याच्या कुटुंबाला शेगाव आले की उठावे लागते. सहप्रवासी गाढ झोपेत असताना दिवा न लावता चादरी गोळा करणे, मुलांना उचलणे व मधला बर्थ आवाज न होता खाली पाडणे, हे एक कौशल्यच असते. त्यामुळे शय्यारचना करतानाच जो सावध झोपतो त्याला खाली किंवा बाजूच्या बर्थवर निजवितात व जागे करण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवितात.

संगणक, कोटा आणि कुटुंब

१९८५ साली दिल्ली येथून संगणकीय आरक्षणास प्रारंभ झाला व पुढे ही पद्धत देशभर पसरली. २००२ पासून इंटरनेटवरून तिकीट काढण्याची सोय झाली. त्यामुळे रांगेतील त्रास कमी झाला. मात्र बर्थ ठरविण्याचा अधिकार आता यंत्राकडे गेला. साठ वर्षांवरील पुरुष व ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना उपलब्धतेनुसार खालचा बर्थ देण्याची व्यवस्था संगणकात आहे. शिवाय शयनयानाच्या प्रत्येक डब्यात ६ ते ७ खालचे बर्थ अशा प्रवाशांसाठी व गर्भवती स्त्रियांसाठी राखून ठेवलेले असतात. वृद्धांना खालची जागा देण्याचा घरगुती संस्कार येथे शासकीय नियम बनला, ही निश्चितच स्वागतार्ह बाब होय.

परंतु या राखीव बर्थना एक अट आहे. असा प्रवासी एकटा असेल, किंवा निकषात बसणारे दोघेच एका तिकिटावर असतील, तरच हा कोटा लागू होतो. सोबत निकषात न बसणारी व्यक्ती असली की कोटा मिळत नाही. म्हणजे आजी एकटी निघाली तर तिला राखीव बर्थ मिळू शकतो, नातवाला घेऊन निघाली तर मिळत नाही. वऱ्हाडातील वृद्ध स्त्री एकटी प्रवास क्वचितच करते. नियम व्यक्ती ओळखतो, कुटुंब ओळखत नाही, असे यावरून दिसते.

अशा वेळी नियमाची उणीव माणसे भरून काढतात. गाडी सुटली की कप्प्यात वाटाघाटी सुरू होतात. ‘काकाजी, आजीला वर चढता येत नाही, तुम्ही वरचा बर्थ घेता का?’ अशी विनंती केली जाते आणि बहुतेक वेळा ती मान्य होते. अनोळखी माणसाला ‘काकाजी’ म्हणून घरातला करून घेणे, ही वऱ्हाडी रीत येथे उपयोगी पडते. अर्थात प्रत्येक वेळी होकार मिळतोच असे नाही, आणि नकार देणाऱ्या प्रवाशानेही त्या जागेचे भाडे भरलेले असते, हेही मान्य केले पाहिजे.

मुलांच्या बाबतीतही नियम बदलला. एप्रिल २०१६ पासून ५ ते १२ वर्षे वयाच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. अर्ध्या भाड्यात प्रवास करता येतो, पण बर्थ मिळत नाही. त्यामुळे बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबात दहा वर्षांचे मूल पुन्हा आईच्या किंवा आजीच्या बर्थवर आले. अधिक माणसे कोंबण्याचा मोहही अधूनमधून डोके वर काढतो. २००७ च्या सुमारास काही डब्यांत बाजूच्या दोन बर्थमध्ये तिसरा बर्थ बसवून ७२ ची संख्या ८१ करण्यात आली. प्रवाशांना त्यात धड बसताही येईना व २००९ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. १९१७ चा २२ आणि ३५ यांचा हिशेब या निमित्ताने आठवल्यावाचून राहत नाही.

प्रवासाचे दुसरे टोक : धर्मशाळा

गाडीतील रात्र संपली तरी गरीब कुटुंबाचा निजण्याचा प्रश्न संपत नसे. परगावी उतरल्यावर रात्र कोठे काढायची, हा प्रश्न पुढे उभा राही. या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर अमरावती जिल्ह्यातूनच आले. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इत्यादी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पुढे त्यांच्या प्रेरणेने मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही अशी सोय झाली. जातीमुळे ज्यांना अन्यत्र आसरा मिळत नसे त्यांच्यासाठी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा झाली. एका छपराखाली अनेक कुटुंबांनी शेजारी शेजारी सतरंज्या अंथराव्यात व कोणाला कोणाची जात विचारता येऊ नये, ही व्यवस्था रेल्वेच्या कप्प्यातील सक्तीच्या शेजारापेक्षा एक पाऊल पुढची होती, कारण तिच्यामागे जाणीवपूर्वक विचार होता. स्वतः गाडगेबाबा मात्र आपण बांधलेल्या धर्मशाळेचा आसरा घेत नसत.

जहाजाच्या खोलीशी तुलना

‘बर्थ’ हा शब्द मूळ नाविकांचा आहे. जहाजावरील खलाशाच्या किंवा प्रवाशाच्या निजण्याच्या जागेला हे नाव होते व तेथून ते रेल्वेत आले. १८६० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज पुलमन याने छताकडे दुमडता येणाऱ्या बर्थचे शयनयान लोकप्रिय केले. पुढे हाच दुमडता बर्थ जहाजात परत गेला. आजच्या पर्यटन-जहाजांच्या लहान खोल्यांत भिंतीतून खाली येणाऱ्या वरच्या बिछान्याला ‘पुलमन बर्थ’ असेच म्हणतात. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप या दिशांना कॉर्डेलिया ही पर्यटन-जहाजसेवा सुरू झाली व भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबांना असा प्रवास आवाक्यात आला. चौघांच्या खोलीत सामान्यतः खाली आईवडिलांचा जोडबिछाना व वर मुलांचे दोन दुमडते बर्थ अशी सोय असते.

जहाजाची खोली आणि रेल्वेचा कप्पा यांत जागेची टंचाई सारखीच आहे. खोलीला मात्र दार आहे. दार लावले की कुटुंब आपापसांत हवी तशी रचना करू शकते. तथापि ही खोली प्रामुख्याने आईवडील व दोन मुले या चौकटीत बसविलेली आहे. आजी-आजोबांसाठी तिच्यात तिसरा खालचा बिछाना सहसा नसतो. त्यांच्यासाठी दुसरी खोली घ्यावी लागते. रेल्वेचा कप्पा गैरसोयीचा असला तरी त्यात तीन पिढ्या एकत्र मावतात, ही त्याची जमेची बाजू होय.

निष्कर्ष

१) वऱ्हाडातील पारंपरिक घरात निजण्याची जागा वय, मान व लिंग यांनुसार ठरत असे. बैलगाडी व फलाट येथेही हीच रचना कायम राहिली.
२) इंग्रजी राजवटीत रात्रीची झोप ही वर्गानुसार मिळणारी सवलत होती. कुटुंबाने एकत्र झोपणे हेही आर्थिक कुवतीवर अवलंबून होते.
३) स्वातंत्र्योत्तर काळात त्रिस्तरीय शयनयान, तिसऱ्या वर्गाचे उच्चाटन व गादीचे बर्थ यांमुळे पाठ टेकणे हा सर्वसामान्य प्रवाशाचा हक्क म्हणून मान्य झाला. गीतांजली एक्सप्रेस हे त्याचे वऱ्हाडातून धावणारे प्रतीक ठरले.
४) आठ बर्थच्या कप्प्याने सासरा व सून यांच्यातील परंपरागत अंतर कमी केले. परंतु वृद्धांची प्रतीक्षा व आईचे जागरण कमी झाले नाही.
५) विद्यमान नियम प्रवाशाचे वय व लिंग विचारात घेतात. त्याचे कुटुंब विचारात घेत नाहीत.

या पार्श्वभूमीवर दोन सूचना कराव्याशा वाटतात. खालच्या राखीव बर्थची सोय कुटुंबासह प्रवास करणाऱ्या किमान एका वृद्ध व्यक्तीस लागू करावी. तसेच तान्ह्या मुलासाठी जोडबर्थचा प्रयोग अकोला, बडनेरा यांसारख्या स्थानकांवर अवेळी उतरावे लागणाऱ्या प्रवाशांच्या रात्रीच्या गाड्यांत करून पाहावा. रेल्वेने दीडशे वर्षांत बाक, फळी आणि गादी असा टप्प्याटप्प्याने प्रवास केला आहे. त्या गादीवर घरातील सर्वांत थकलेल्या माणसाला सर्वांत आधी झोपता यावे, एवढीच अपेक्षा आता उरते.